पटाकडे पाठ फिरवून : बुद्धिबळाचे शिक्षक जॉर्ज कोल्टानोव्स्की

ह्या लेखात आमच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही ज्या गृहस्थांचे चरित्र ठेवणार आहोत, त्यांचे नाव बुद्धिबळाच्या जगज्जेत्यांच्या नामावळीत सापडावयाचे नाही. जॉर्ज कोल्टानोव्स्की हे जगज्जेते कधी झाले नाहीत; आपल्या काळच्या अगदी पहिल्या पंक्तीतील खेळाडूंतही त्यांची गणना झाली नाही. असे असता त्यांचेच चरित्र का निवडावे, असे कोणी विचारील. ह्याचे कारण असे की, जिंकणे हा एक गुण आहे आणि जे आपणांस येते ते दुसऱ्यास आवडू लागेल अशा रीतीने त्याच्या हाती देणे हा अगदी निराळा गुण आहे. पहिल्या गुणाची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात, दुसऱ्याची क्वचित. शिवाय ह्या गृहस्थांच्या स्मरणशक्तीची हकीकत अशी आहे की, परीक्षेच्या दिवसांत ‘सर, पाठच होत नाही’ म्हणून रडकुंडीस येणाऱ्या प्रत्येक मुलाने व त्याच्या आईबापांनी ती ऐकावी.

कोल्टानोव्स्की ह्यांचा जन्म १७ सप्टेंबर १९०३ रोजी बेल्जम देशातील अँटवर्प शहरी झाला. हे शहर मोठे बंदर असून हिऱ्यांच्या व्यापाराविषयी प्रसिद्ध आहे. त्यांचे घराणे पोलंडमधून आलेल्या यहुदी लोकांपैकी होते. म्हणजे आईबापांच्या पिढीतच हे कुटुंब एकदा देशांतर करून चुकले होते. घरी वडील आणि भाऊ बुद्धिबळ खेळत. लहानगा जॉर्ज जवळ बसून नुसता पाहत असे, आणि पाहता पाहताच खेळ शिकला. चौदाव्या वर्षापासून मात्र त्याने हा खेळ मनावर घेतला. मूल स्वस्थ बसून पाहत आहे म्हणजे ते वेळ दवडीत आहे, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. आमचा अनुभव उलट आहे. वर्गात जो मुलगा काही न बोलता फळ्याकडे टक लावून बसतो, त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे आम्हांस पुष्कळदा सहा महिन्यांनी कळते.

सन १९२४ मध्ये इटलीतील मेरानो येथे एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. विशीतला हा तरुण तेथे गेला तो दुय्यम गटात खेळावे एवढ्याच हेतूने. परंतु बोलाविलेल्या मोठ्या खेळाडूंपैकी एक जण आला नाही, आणि चालकांनी ह्यासच त्याच्या जागी बसविले. त्यांचा काही गैरसमज झाला असावा असे म्हणतात. दुसरा कोणी असता तर ‘मी तो नव्हे’ म्हणून मागे सरला असता. हा आनंदाने बसला. निकाल काय लागला? जवळजवळ शेवटचा क्रमांक. परंतु तेथे जर्मनीचे वयोवृद्ध खेळाडू डॉ. टाराश, ज्यांच्या ग्रंथांवर त्या काळची एक सबंध पिढी हा खेळ शिकली होती, त्यांच्याशी त्याने डाव बरोबरीत सोडविला. १९२३, १९२७, १९३०, १९३६ असे चार वेळा ते बेल्जमचे विजेते ठरले. ह्यांपैकी पहिले विजेतेपद मेरानोच्याही आधीचे आहे. देशातील त्यांचे सर्वांत मोठे सोबती एड्गार कोल हे होते. कोल प्रकृतीने फार अशक्त असत, आणि १९३२ साली, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी, पोटातील व्रणावरील शस्त्रक्रियेनंतर ते वारले. ह्या कोल ह्यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

आता ज्या प्रकारामुळे कोल्टानोव्स्की ह्यांची कीर्ती झाली तो सांगतो. बुद्धिबळात एक खेळ असा आहे की, खेळाडूने पटाकडे पाठ करून बसावयाचे. प्रतिपक्ष्याची खेळी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावयाची. त्याने आपली खेळी तोंडाने सांगावयाची. समोर पट नाही, मोहरे नाहीत, कागद-पेन्सिल नाही. एक डाव असा खेळणे कठीण खरे, परंतु सरावाने पुष्कळांस साधते. कोल्टानोव्स्की असे अनेक डाव एकदम खेळत. ह्या बाबतीत १९३३ साली शिकागो येथे जगज्जेते अलेखाइन ह्यांनी ३२ पटांचा उच्चांक केला होता. २० सप्टेंबर १९३७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी कोल्टानोव्स्की ३४ पटांविरुद्ध बसले. तीनच दिवसांपूर्वी त्यांस चौतिसावे वर्ष पुरे झाले होते. चौतीस पट म्हणजे आरंभी १,०८८ मोहरे आणि २,१७६ घरे! सुमारे साडेतेरा तास खेळ चालला. चोवीस डाव त्यांनी जिंकले, दहा बरोबरीत सुटले, आणि हरला एकही नाही.

येथे आमचा विद्यार्थी म्हणेल, ‘ही ईश्वरी देणगी, आम्हांस तिचा काय उपयोग?’ देणगी होती ह्यात संशय नाही. पण ती कसली होती हे नीट पाहिले पाहिजे. घरातली वस्तू सांगितलेली आणण्याच्या कामी ह्या गृहस्थांची स्मरणशक्ती अगदी सामान्य होती. त्यांच्या पत्नीस बुद्धिबळ येत नसे. आणि ज्या माणसास दुकानातून पाव आणावयाचा ध्यानात राहत नाही, तो इतके पट डोक्यात कसे ठेवतो ह्याचा तिला मोठा अचंबा वाटे. तेव्हा त्यांचे डोके म्हणजे वाटेल ते भरून ठेवावे अशी कोठी नव्हती. जेथे त्यांस अर्थ दिसे तेथे ते विसरत नसत.

ही गोष्ट पुढे विद्वानांनी प्रयोगाने पडताळून पाहिली. हॉलंडमधील मानसशास्त्रज्ञ द ग्रोट ह्यांनी आरंभ केला, व १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन ह्या दोघांनी तो प्रयोग पुढे नेला. (चेस हे आडनाव मराठीत बुद्धिबळाच्या इंग्रजी नावासारखेच लिहिले जाते, हा केवळ योगायोग.) खऱ्या डावातील एक स्थिती पाच सेकंद दाखवून पट झाकला, तर तरबेज खेळाडू बहुतेक मोहरे पुन्हा जागच्या जागी मांडतो, आणि नवशिक्यास चार-पाचच्या पलीकडे आठवत नाही. परंतु तेच मोहरे अर्थावाचून वाटेल तसे विखरून ठेवले, तर तरबेज आणि नवशिका ह्यांत फारसा फरक राहत नाही! म्हणजे तरबेज खेळाडूस सुटे सुटे मोहरे दिसतच नाहीत. किल्लेकोट करून बसलेला राजा, त्याच्यापुढील तीन प्यादी व शेजारचा हत्ती हे सारे त्यास एकाच शब्दासारखे दिसते. ‘वसंतऋतु’ हा शब्द ध्यानात ठेवावयास कोणी त्याची अक्षरे सुटी सुटी मोजीत बसत नाही, तसेच हे आहे. आमची मुले इतिहासातील सन पाठ करतात तेव्हा त्यांची स्थिती विखुरलेले मोहरे पाठ करणाऱ्या मनुष्याची असते, आणि घरी पालक ‘आणखी दहा वेळा म्हण’ असे सांगून तीत भर घालतात. कोणत्या तहामागून कोणती लढाई का झाली हे ज्याला उमगले, त्याला सन आठवावयास दहा वेळा घोकावे लागत नाही.

असो. एडिंबरोच्या खेळास दोन वर्षे होतात न होतात तोच युरोपात महायुद्ध पेटले. सप्टेंबर १९३९ मध्ये कोल्टानोव्स्की बुद्धिबळाचे खेळ करीत मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात होते. केवळ एवढ्यामुळेच ते वाचले. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने बेल्जम घेतले. पुढे १९४२ पासून १९४४ पर्यंत त्या देशातील मेखलेन गावच्या बराकींत यहुदी लोकांस गोळा करून आगगाड्यांनी पोलंडमधील मृत्युछावण्यांकडे धाडण्यात आले. त्यांची संख्या सुमारे २५ हजार होती, आणि त्यांतून परत आलेले थोडेच. मेखलेन हे गाव अँटवर्पपासून फार दूर नाही. कोल्टानोव्स्की ह्यांचे कित्येक आप्त ह्या संहारात नष्ट झाले.

ते स्वतः परत जाऊ शकत नव्हते आणि पुढे जावयास परवाना नव्हता. १९४० साली क्यूबा बेटातील हॅवाना शहरी त्यांचा एक खेळ झाला. तो पाहावयास अमेरिकेचे कॉन्सल, म्हणजे त्या सरकारचे तेथील वकील, आले होते. पटाकडे पाठ करून बसलेल्या ह्या मनुष्याचे कसब पाहून त्यांनी त्यास अमेरिकेत जाण्याचा परवाना देण्याचे ठरविले. ही गोष्ट बहुधा मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, आणि तीत कौतुक आहेही. परंतु आम्हांस ती वाचताना दुसराही एक विचार सुचल्यावाचून राहत नाही. त्याच दिवसांत कित्येक शिंपी, दुकानदार, शाळामास्तर अशाच परवान्यासाठी दारोदार फिरत होते. त्यांच्यापाशी दाखविण्याजोगे असे काही नव्हते. जीव वाचावा एवढ्यासाठी माणसास एखादे अद्भुत करून दाखवावे लागावे, ही काही त्या काळाच्या भूषणाची गोष्ट नव्हे.

ह्याच संबंधात दुसऱ्या एका देशांतर केलेल्या खेळाडूची आठवण येते. पोलंडचे मिगेल नायडॉर्फ हे १९३९ साली ब्वेनोस आयरीस येथील सामन्यांसाठी गेले असता युद्ध सुरू झाले, आणि ते तेथेच राहिले. मागे राहिलेल्या कुटुंबाचे काही वर्तमान कळेना. तेव्हा त्यांनी पटाकडे न पाहता खेळण्याचा मोठा उच्चांक करावयाचे ठरविले. हेतू हा की, त्याची बातमी युरोपातील वर्तमानपत्रांत छापून येईल आणि घरच्यांपैकी कोणी जिवंत असल्यास आपला मुलगा कोठे आहे हे त्यास कळेल. १९४३ साली ४० पट व १९४७ साली ब्राझीलमधील साओ पावलो येथे ४५ पट ते असे खेळले. बातमी छापली गेली. घरून उत्तर आले नाही.

कोल्टानोव्स्की अमेरिकेत आले तेव्हा त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. मोठमोठ्या स्पर्धांत शिरून क्रमांकासाठी झगडावे, हा एक. दुसरा असा की, जेथे हा खेळ कोणास धड ठाऊक नाही अशा गावोगाव जाऊन तो दाखवावा, शिकवावा, सामने भरवावेत. त्यांनी दुसरा धरिला. ह्या फिरतीत त्यांनी जे एक काम केले त्याकडे आमच्या शाळांतील क्रीडाप्रमुखांनी अवश्य लक्ष द्यावे. आपल्याकडे कॅरमचे किंवा टेबल-टेनिसचे सामने भरतात, त्यांत जो हरला तो बाद. साठ मुलांनी नावे दिली तर पहिल्याच फेरीत तीस मुलांचा खेळ संपतो, आणि ज्यांस सरावाची खरी गरज तेच घरी जातात. ह्याहून निराळी एक रीत स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे १८९५ साली प्रथम योजिली गेली. म्हणून तीस ‘स्विस पद्धती’ म्हणतात. तीत कोणीच बाद होत नाही. प्रत्येक फेरीत ज्यांचे गुण सारखे त्यांची जोडी लावावयाची, आणि एकदा ज्यांची गाठ पडली त्यांची पुन्हा पाडावयाची नाही. त्यामुळे जिंकणाऱ्याची गाठ जिंकणाऱ्याशी पडत जाते, आणि हरणाऱ्यासही आपल्या तोडीचा सोबती मिळून शेवटच्या फेरीपर्यंत खेळावयास सापडते. १९४७ साली टेक्सास प्रांतातील कॉर्पस क्रिस्टी येथे अमेरिकेची खुली स्पर्धा ह्या पद्धतीने प्रथमच झाली. ती चालविणारे कोल्टानोव्स्की हेच होते. आता बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धा बहुतेक सर्वत्र ह्याच रीतीने होतात.

त्यांनी सॅन फ्रॅन्सिस्को शहरी कायमची वस्ती केली, आणि तेथील ‘क्रॉनिकल’ पत्रात १९४८ पासून बुद्धिबळाचे सदर लिहावयास घेतले. हे सदर त्यांनी किती काळ लिहिले असेल? २००० साली मृत्यू येईपर्यंत! एकंदर लेखांची संख्या १९ हजारांच्या घरात जाते. रोज सकाळी चहाबरोबर वाचकास एक कोडे मिळे, एखादी गंमत मिळे. ज्या वाचकाने त्यांस कधी पाहिले नाही तोही अशा रीतीने त्यांचा विद्यार्थी झाला. एवढा काळ रोज नवशिक्यांसाठी लिहावयाचे आणि कंटाळा दिसू द्यावयाचा नाही, हे एडिंबरोच्या साडेतेरा तासांहून सोपे आहे असे आम्हांस वाटत नाही. जो शिक्षक पहिलीस मुळाक्षरे वीस वर्षे शिकवितो त्यासच ह्यातील अवघडपणा कळेल.

शिकविण्यासाठी त्यांनी डावाच्या आरंभाची जी रीत निवडली तीही पाहण्याजोगी आहे. पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे लोटावे, राजाच्या बाजूचा घोडा बाहेर आणावा, राजापुढील प्यादे एकच घर सारावे, मग त्या बाजूचा उंट काढून किल्लेकोट करावा. सर्व मोहरे आपापल्या जागी आले म्हणजे मागे राहिलेले तेच राजाचे प्यादे आणखी एक घर पुढे लोटून हल्ल्याची वाट मोकळी करावी. ही रीत त्यांचे दिवंगत मित्र कोल ह्यांची. कोल्टानोव्स्की ह्यांनी तिजवर पुस्तिका लिहिली, ती जन्मभर शिकविली, आणि शेवटी दोघांची नावे तीस जोडून लागली. अव्वल दर्जाचे खेळाडू हिला भित्री म्हणून नाके मुरडतात. आणि प्रतिपक्षी सावध असेल तर ह्या रीतीने फारसे हाती लागत नाही, हे खरेच आहे. परंतु नवशिक्यास पंधरा फाटे पाठ करावयास न लावता मोहरे कोठे ठेवावे व का ठेवावे एवढे कळले, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून खेळू लागतो. शिक्षकाची निवड म्हणून आम्ही हिचीच बाजू घेऊ.

४ डिसेंबर १९६० रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी सॅन फ्रॅन्सिस्को येथे पटाकडे न पाहता एकामागून एक असे ५६ डाव खेळून दाखविले. प्रत्येक खेळीस अवघे दहा सेकंद. पन्नास जिंकले, सहा बरोबरीत. १९७५ ते १९७८ ह्या काळात ते अमेरिकेच्या बुद्धिबळसंघाचे अध्यक्ष होते. जागतिक संघाने १९५० साली पदव्या देण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांस ‘आंतरराष्ट्रीय मास्टर’ ही दुसरी पदवी मिळाली. ‘ग्रँडमास्टर’ ही सर्वोच्च पदवी मिळाली ती १९८८ मध्ये, आणि तीही सन्मानार्थ. तेव्हा ते चौऱ्याऐंशीच्या पुढे होते. ५ फेब्रुवारी २००० रोजी शहाण्णवाव्या वर्षी त्यांनी देह ठेविला. त्यांचा चौतीस पटांचा उच्चांक पुष्कळ वर्षे प्रमाण मानला जात असे. पुढे २०११ साली जर्मनीच्या मार्क लांग ह्यांनी ४६, आणि २०१६ साली तिमुर गरेयेव्ह ह्यांनी ४८ पट खेळून दाखविले. गरेयेव्ह हेही उझबेकिस्तानातून अमेरिकेत येऊन राहिलेले.

आता त्यांच्या एका खेळाविषयी सांगावयाचे राहिले. हा खेळ आमच्या मुलांस घरी करून पाहता येईल. ते एक मोठा पट टांगीत, आणि त्याच्या चौसष्ट घरांत प्रेक्षकांस वाटेल ते लिहावयास सांगत : कोणाचे नाव, कोणाच्या टेलिफोनचा आकडा, एखादा वेडावाकडा शब्द. काही मिनिटे सर्व घरे न्याहाळून ते पाठ फिरवीत. मग कोणीही एक घर सांगावे. तेथून घोडा अडीच घरांच्या चालीने निघून प्रत्येक घरी एकदाच जाईल अशा क्रमाने ते चौसष्टही घरांतील मजकूर धडाधड सांगत.

घोड्याची ही फेरी आपल्या देशास नवी नाही. काश्मीरचा नवव्या शतकातील अलंकारशास्त्रकार रुद्रट ह्याने ‘काव्यालंकार’ ग्रंथात अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत बत्तीस अक्षरांचा एक श्लोक असा बसविला आहे की, तो सरळ वाचावा किंवा घोड्याच्या चालीने वाचावा, श्लोक तोच निघतो. सतराव्या शतकात काशीस नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ ह्या ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ भागात अशा फेऱ्या दिल्या आहेत. आणि हे भट्ट घराणे मूळचे आपल्या पैठणचे.

जी फेरी शेवटच्या घरावरून एका चालीत पुन्हा पहिल्या घरी येते तीस बंद फेरी म्हणू. आठ घरी पटावर अशा बंद फेऱ्या १,३२,६७,३६,४४,१०,५३२ आहेत, म्हणजे तेरा लाख कोटींहून अधिक! पण त्यांपैकी एकच ज्यास पाठ आहे, त्यास वाटेल त्या घरापासून निघता येते. कारण माळेचा कोणताही मणी पहिला धरला तरी माळ तीच. म्हणून ‘कोणतेही घर सांगा’ हे ऐकून प्रेक्षक थक्क होत खरे, पण खरा कठीण भाग तो नव्हता. चौसष्ट घरांतील मजकूर थोड्या मिनिटांत मनात बसविणे हा होता.

प्रथम फेरीच साधावयाची असेल तर वॉर्न्सडॉर्फ नावाच्या जर्मन गृहस्थाने १८२३ साली दिलेली युक्ती करून पाहावी. प्रत्येक वेळी, ज्या घरातून पुढे जावयास सर्वांत थोड्या वाटा उरल्या असतील त्याच घरी घोडा न्यावा. कोपरे आणि कडा आधी उरकतात व मधली मोकळी घरे शेवटास राहतात, म्हणून ही युक्ती बहुधा साधते. पाटीवर आठ घरांचा पट काढावा, घोडा जाईल तेथे १, २, ३ असे आकडे घालीत जावे.

हे साधल्यावर पाच घरांचा लहान पट घ्यावा. त्यावर पंचवीसही घरे घेणारी फेरी होते, परंतु बंद फेरी कधीच होत नाही. का, ते शोधण्यास एक धागा देऊन ठेवतो : आपल्या जुन्या पटांवर घरे रंगविलेली नसत, पण ह्या कोड्यासाठी ती एकाआड एक काळी-पांढरी रंगवावी, घोडा प्रत्येक चालीस कोणत्या रंगावरून कोणत्या रंगावर जातो ते पाहावे, आणि मग दोन्ही रंगांची घरे मोजावीत.